नवे पॉइंट न काढल्याबद्दल आभार

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण दापोलीच्या बाजारातून खाडीकाठच्या आमच्या गावात येऊन, गणपतीला आठ दिवस उरलेले असताना, "वहिनी, नवे पॉइंट मी आत्ता काढणार नाही" असं म्हणणारे वायरमन तुम्हीच, हे वाचताच तुमच्या लक्षात येईल. त्या 'नाही'साठी हे पत्र.

मी तुम्हाला बोलावलं होतं ते मखरामागे दोन पॉइंट आणि खळ्यातल्या मांडवासाठी एक पॉइंट काढायला. काम अर्ध्या दिवसाचं. करून दिलं असतंत तर आम्ही पैसे दिले असते, चहा दिला असता, आणि विषय संपला असता. तुम्ही पिशवी ओटीवर ठेवलीत आणि आधी विचारलंत, "घरात कुठे हाताला झिणझिण्या येतात का?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात माझी सहा वर्षांची लेक म्हणाली, "न्हाणीतला नळ चावतो."

हे ती जुलैपासून सांगत होती. आम्ही हसत होतो. पावसात जरा करंट लागतोच, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मीही लहानपणापासून तेच ऐकलेलं. सासूबाईंना मात्र काही जाणवत नव्हतं, म्हणून मला ते पोरीचं खूळ वाटलं. तुम्ही न्हाणीत डोकावलात आणि कारण लगेच सांगितलंत: सासूबाई लाकडी पाटावर बसून आंघोळ करतात, पोर ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहते. त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला, तो अजून आठवतो.

मग तुम्ही टेस्ट लॅम्प काढलात. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब आणि त्याला दोन वायरी. गिझरच्या सॉकेटमध्ये एक टोक फेजला (करंट आणणारी वायर), दुसरं न्यूट्रलला (करंट परत नेणारी) लावलंत, बल्ब लख्ख पेटला. दुसरं टोक काढून, गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या अर्थच्या भोकात घातलंत, तर आत फक्त लालसर तार दिसली, विझत्या निखाऱ्यासारखी. "तीन पिनांचं सॉकेट आहे, हिरवी वायरही आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही," असं म्हणून तुम्ही मला घरामागे नेलंत आणि मातीतून वर आलेली अर्थिंगची तार नुसती चिमटीत धरलीत. ती बिस्किटासारखी तुटली. खारा वारा आणि इतक्या वर्षांचा पाऊस, तिचं आतून काही राहिलंच नव्हतं. गिझरची कॉइल गळत होती आणि तो करंट जमिनीत जायला वाट नसल्याने लोखंडी पाइपातून नळापर्यंत येत होता.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, भिंती भिजल्या, बोर्डांत पाणी गेलं. वीज यायला कित्येक दिवस लागले. ती आल्यावर जो मिळेल त्याच्याकडून जोडाजोड करून घेतली. तेव्हा दिवा लागला याचाच आनंद होता, कोणी काय जोडलं ते पाहण्याची कुणाला शुद्ध नव्हती. माजघरातलं फ्रिजचं सॉकेट तेव्हाचंच. तुम्ही ते उघडून मला जवळ बोलावलंत. अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलपर्यंत बोटभर वायरीचा तुकडा जोडलेला होता. मला त्यात वावगं काही दिसेना. तुम्ही समजावलंत की कुठेतरी न्यूट्रल सुटला, तर याच तुकड्यातून फ्रिजच्या पत्र्यावर थेट फेज येईल. त्या फ्रिजचं दार आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा उघडतं.

गिझरला दिव्यांची बारीक वायर होती. दोन हजार वॉटचा गिझर, २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, आणि वायर एक चौरस मिलिमीटरची. तिचं आवरण तपकिरी पडलं होतं, वाकवलं की पापडासारखं मोडत होतं. तुम्ही तिथे चार चौरस मिलिमीटरची वायर ओढलीत, वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) दिलीत. बोर्डात तांब्याच्या टोकांवर चढलेला हिरवा थर दाखवून, समुद्राजवळच्या घरात बोर्ड अधूनमधून उघडून घट्ट करून घ्यावे लागतात, हेही सांगितलंत.

सगळ्यात मोठं काम अर्थिंगचं. जांभ्यात अडीच मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उतरवायचा म्हणजे पहारीचा दिवसभराचा घाम. मी म्हटलं, ते आरसीसीबी नावाचं यंत्र बसवताच आहात, मग खड्डा कशाला? तुमचं उत्तर मी शेजारच्या चार घरांत सांगितलं आहे. गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसेल, तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, तर ते यंत्र पडतं, म्हणजे वीज तोडतं. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच पडेल. अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर, करंट त्याच्या अंगातून गेल्यावर पडेल. एमसीबी या दोन्ही वेळा तशीच उभी राहील, कारण ती वायर जळू नये म्हणून असते. हे ऐकल्यावर ह्यांनी स्वतः पहार उचलली. खड्डा तुम्ही न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला, भिंतीपासून दीड मीटरवर घेतलात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये कातळ सुकला तरी तिथे ओल राहील. ही गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला सुचली नसती.

आणि ती कपड्यांची तार! खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या लोखंडी पाइपापासून फणसापर्यंत बांधलेली. मी रोज तिच्यावर ओले कपडे टाकत होते. ती तुम्ही सगळ्यांत आधी, हातातलं काम टाकून सोडलीत आणि नायलॉनची दोरी दोन झाडांना बांधलीत.

तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी, मुसळधार पावसात रात्री आरसीसीबी दोनदा पडली. शेजारचे म्हणाले, काढून टाका ती, पावसात त्रास देते. मी तुम्हाला फोन केला, साडेदहा वाजले होते. तुम्ही न वैतागता सांगितलंत: सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. विहिरीच्या पंपाची चढवली आणि परत अंधार. "तेवढी खाली ठेवा, बाकी घर चालू करा, मी सकाळी येतो." सकाळी पंपाच्या केबलचा नुसती पट्टी गुंडाळलेला जोड चिखलात सापडला. त्याच वाटेने आम्ही पाण्याला जातो.

कुठे आपण हात घालायचा आणि कुठे नाही, हेही तुमच्यामुळे कळलं. बल्ब बदलावा, पडलेली एमसीबी एकदा चढवून बघावी. परत पडली, जळका वास आला, सॉकेट काळवंडलं, हाताला झिणझिणलं किंवा नवा पॉइंट हवा असला, तर परवाना असलेल्या माणसालाच बोलवायचं. मी नंतर मुद्दाम वाचलं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियमही हेच सांगतात: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जशाच्या तसा बदलणं सोडून बाकी वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हायला हवं. खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरीला तुम्हीसुद्धा हात लावला नाहीत, वीज कंपनीच्या १९१२ या तक्रार क्रमांकाला फोन करायला लावलात. तुमचा परवाना तर आम्ही न मागता तुम्ही दाखवलात. आजवर आलेल्या कुणाला आम्ही तो विचारलाच नव्हता.

नवे पॉइंट तुम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सगळं मेगरने (वायरींचं आवरण कुठे गळतंय का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून झाल्यावर काढून दिलेत. आरतीला घर भरलं होतं, माळा लागल्या होत्या. लेक न्हाणीत गेली, नळाला हात लावून उभी राहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "आता नाही चावत."

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती स्टुलावर चढून आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबते. खट् करून अंधार झाला की सासूबाई माजघरातून ओरडतात, "पडली गो!", आणि मग ह्यांनी ती वर करायची.

पंपाची केबल पाइपातून घ्यायला दिवाळीनंतर येणार म्हणालात. सकाळी लवकर या. घावने करते, आणि या वेळी जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
खाडीकाठच्या घरातली वहिनी