‘घुस ना बे!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर मुलांची गो-कार्टची शर्यत झाली. माझा तेरा वर्षांचा भाचाही त्यात होता. रोलिंग स्टार्ट म्हणजे दोन-दोनच्या ओळीत गाड्या सावकाश फिरत येतात आणि इशारा झाला की सुटतात. तोवर पुढच्या दोघांनी वेग सारखा ठेवायचा, मागच्यांनी ओळ सोडायची नाही. इथे शेवटच्या वळणावरच ओळ मोडली. तिसऱ्या ओळीतला एक मुलगा बाहेरून पार पुढे आला, तरी झेंडा हलला! पहिल्या वळणावर पाच गाड्या एकमेकांत. भाच्याच्या मनगटाला बारीक फ्रॅक्चर. त्याचं रडगाणं गायचं नाही, खेळात लागतंच.

पण कार्टची चाकं उघडी असतात. मागच्या गाडीचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या फिरत्या मागच्या चाकाला टेकलं, की मागची गाडी सरळ वर चढते. रेसिंग कार्टमध्ये सीटबेल्ट नसतो. गिअर नसलेल्या कार्टला ब्रेकही बहुधा फक्त मागे. टायर गार असताना जोरात दाबला की गाडी गर्रकन फिरते. (नागपुरात गार टायर, म्हणून हसू नका. डांबर भाजत असलं तरी रबर नीट पकड घ्यायला फेरी-दोन फेऱ्या जातात.) पहिल्या वळणावर हे सगळं एकदमच जुळून येतं.

आंतरराष्ट्रीय शर्यतींत सुटण्याच्या जागी दोन्ही रांगांसाठी पट्टे आखलेले असतात. पट्टा ओलांडला की वेळेचा दंड. समोरच्याला ठोकून आपल्याच गाडीचा पुढचा बंपर आत सरकला, तर ५ सेकंद. मुद्दाम की चुकून, हा वाद तिथे कोणी घालत नाही. आणि ओळ जमली नसेल तर इशाराच होत नाही, सगळ्यांना आणखी एक फेरी. आपल्याकडे त्या फेरीला फार तर मिनिटभर लागलं असतं. पट्टे आखायला चुन्याची एक गोणी पुरते.

आयोजकांना बोललो, आता आमचंही सांगतो. जाळीला चिकटून “घुस ना बे!” म्हणून ओरडणारे आम्ही पालकच होतो. माझा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

भाच्याचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. पुढच्या शर्यतीची फी भरण्याआधी मी एवढंच विचारणार आहे, की झेंडा कोणाच्या हातात आहे आणि ओळ मोडली तर तो खाली ठेवायची त्याला मुभा आहे का?

— एक पालक, धरमपेठ, नागपूर