रोलकेज रंगवण्याआधी तपासून घ्या

महोदय,

ड्रॅग रेसची (सरळ, ठराविक अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीची) गाडी बांधायची तर नाशिकमध्ये पाईप वाकवून वेल्डिंग करून देणारे अंबड-सातपूरला हवे तेवढे मिळतात. पण रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाईपचा पिंजरा, ही काही खिडकीची ग्रिल नव्हे. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांत पाव मैल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या, अथवा ताशी १३५ मैलांचा वेग गाठणाऱ्या गाडीला सहसा चॅसी (सांगाडा व केज तपासल्याचं) प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे त्या त्या स्पर्धेचे नियम आधी वाचावेत, पण पाईपची निवड आणि जोडकाम या दोन गोष्टींत कुठेच सूट नसते.

पहिली चूक पाईप घेतानाच होते. एनएचआरएला मुख्य हूपसाठी (चालकाच्या मागची मोठी कमान) पावणेदोन इंच व्यासाचा पाईप चालतो. माईल्ड स्टील असेल तर जाडी किमान ३ मिमी, क्रोमोली (४१३० हे जास्त मजबूत मिश्र पोलाद) असेल तर २.१ मिमी. आकडा क्रोमोलीचा बघायचा आणि पाईप माईल्ड स्टीलचा आणायचा, असा घोळ होतो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमात मुख्य हूपला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमीचा (व्यास × जाडी), थंड ओढलेला सीमलेस (बिनशिवणीचा) पाईप लागतो. पत्रा वळवून लांबीभर वेल्डची शिवण मारलेला ईआरडब्ल्यू पाईप तिथे बाद. पाण्याचा ४० मिमीचा बी-क्लास पाईप जाडीला पुरेसा दिसतो, पण तो या कामाचा नाही. वर गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डमध्ये जस्ताच्या वाफेचे फुगे राहतात आणि वेल्डरची छाती भरते ती वेगळीच. पाईपसोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलादाच्या चाचणीचा कारखान्याचा दाखला) मागा; देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

पाईप थंडच वाकवायचा. वाळू भरून, गॅसने तापवून वाकवलेला पाईप एफआयएला चालत नाही. वाकाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती आली की तो तुकडा भंगारात टाका. हातोडीने सरळ करत बसू नका.

खरी कसोटी छताखालच्या जोडाची. तिथे वेल्डिंगची टॉर्च फिरत नाही, म्हणून खालची अर्धी बाजू जोडून काम सोडून देतात. तपासणारा आरसा घेऊन नेमकं तेच बघतो. उपाय सोपा आहे. पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडा, केज टॅक करून (तात्पुरते ठिपके जोडून) खाली उतरवा, वरचे जोड पूर्ण ३६० अंश भरा, मग केज वर उचलून खाली प्लेटा लावा. युनिबॉडी (वेगळी चॅसी नसलेल्या) गाडीत एनएचआरए ६ × ६ इंचांची, पाव इंचाच्या निम्म्या जाडीची प्लेट मागते. नुसत्या पत्र्यावर उभा केलेला पाईप गाडी उलटताना पत्रा फाडून खाली जातो. क्रोमोलीला टिग वेल्डिंगच हवं, माईल्ड स्टीलला मिग (सतत तार सोडणारं वेल्डिंग) चालतं. वेल्ड घासून गुळगुळीत केला की त्याची ताकदही जाते आणि तपासणीत शंकाही येते.

गाडीमालकांना मुख्य सांगणं हे, की पुट्टी आणि पावडर कोटिंगच्या आधी तपासणी करून घ्या. अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच), अर्धवट जोड, बारीक तडा, सगळं रंगाखाली जातं. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक गेज एमआयडीसीतल्या एनडीटीवाल्यांकडे (न तोडता तपासणी करणाऱ्यांकडे) मिळतं. हेल्मेट आपटू शकेल अशा पाईपवर एसएफआय ४५.१ किंवा एफआयए ८८५७-२००१ या सुरक्षा मानकाचं पॅडिंग लावा. एसीच्या पाईपचा काळा फोम त्या कामाचा नाही. आणि अशी गाडी गंगापूर रोडवर फिरवू नका. हेल्मेटशिवाय डोक्याशेजारी लोखंडी पाईप असणं किरकोळ धडकेतही घातक, शिवाय परवानगीविना असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच बिनरंगाच्या केजचे, प्रत्येक जोडाचे फोटो आणि पाईपचं सर्टिफिकेट मागावं. स्पर्धेच्या सकाळी रंगवलेल्या केजवर टॉर्च मारून काही कळत नाही.

– फॅब्रिकेशन व्यवसायातील काही वाचक, नाशिक