ताईला, लागोसहून

प्रिय ताई,

मी मजेत आहे, आईला सांग जेवणखाण नीट चाललंय, बाकीचं फोनवर बोलूच. हे पत्र एका पुस्तकापायी लिहितेय. इथल्या नायजेरियाच्याच चिनुआ अचेबेंची १९५८ सालची कादंबरी, 'थिंग्ज फॉल अपार्ट'. ऑफिसातल्या एका इग्बो (इथली एक जमात, कादंबरी त्यांचीच) मैत्रिणीने वाचायला दिली.

मला वाटलेलं गोरे येणार, बंदुका चालणार, गाव संपणार. पण गोरे प्रत्यक्ष येईपर्यंत अर्ध्याहून जास्त पुस्तक होऊन जातं, तोवर उमुओफिया गावच डोळ्यासमोर, याम नावाच्या कंदाची शेती, कुस्त्या, आणि लागवडीआधीचा शांततेचा आठवडा, ज्यात कोणी कोणाला वाकडं बोलायचं नाही, कादंबरीचा नायक ओकोन्क्वो त्याच आठवड्यात बायकोला मारतो तर एवढा मोठा माणूस असूनही त्याला दंड होतो. म्हणजे कायदा होता गं तिथे, न्याय होता.

पण जुळी झाली की रानात टाकायची हेही त्याच गावात. आणि इकेमेफुना! दुसऱ्या गावाने भरपाई म्हणून दिलेला पोरगा, तीन वर्षं ओकोन्क्वोकडे वाढतो, त्याला बाबा म्हणतो, मग देवाचा कौल येतो की मारा. एक म्हातारा येऊन बजावतो, तुला बाप मानतो तो, तू यात पडू नकोस. तरी लोक भित्रा म्हणतील या धास्तीने ओकोन्क्वो स्वतः कोयता चालवतो, पोरगं त्याच्याकडेच धावत येत असताना.

ओकोन्क्वोचा थोरला मुलगा न्वोये तिथेच आतून तुटला. पुढे मिशनरी आले, त्यांना मुद्दाम भुताखेतांच्या रानात जागा दिली, मरतील आपोआप म्हणून, ते काही मेले नाहीत, आणि चर्चमध्ये सुरुवातीला गेले कोण तर ज्यांना आपल्याच लोकांनी दुखावलेलं ते, जुळी टाकून द्यावी लागलेली बाई, वाळीत टाकलेले ओसू, आणि हा न्वोये. त्याला धर्म वगैरे काही कळला नव्हता, त्यांच्या गाण्यात त्याला इकेमेफुनाच्या मरणाचं उत्तर ऐकू आलं.

म्हणून इंग्रज भले असं मुळीच नाही. जिल्ह्याचा इंग्रज साहेब बोलणी करू म्हणून सहा पुढाऱ्यांना बोलावतो आणि बेड्या घालतो, दंड २०० पोती कवड्या, कोर्टाचे शिपाई गावात जाऊन २५० मागतात, वरची ५० त्यांच्या खिशात. माझं डोकंच फिरलं. शेवटी ओकोन्क्वो एका शिपायाला मारतो, कुणी साथ देत नाही, तो गळफास घेतो, आत्महत्या पाप म्हणून गाववाले प्रेताला हातसुद्धा लावू शकत नाहीत, परक्यांना विनवावं लागतं, आणि साहेब मनात हिशोब करतो की माझ्या पुस्तकात याच्यावर एक परिच्छेद होईल. एक परिच्छेद!

मैत्रिणीच्या घरी गेले तेव्हा तिच्या वडिलांनी आधी कोला नट, म्हणजे पाहुण्यांना द्यायचं इथलं एक कडवट फळ, हातात धरून प्रार्थना केली, येशूच्या नावाने, मग फोडून सगळ्यांना वाटला. अचेबेंचे वडीलही चर्चचंच काम करायचे. अशा घरात वाढून त्यांनी जुनं गाव ना सजवलं ना झाकलं, मला हे फार मोठं वाटतं.

पुस्तक पाठवतेय, बाबांनाही दे. न्वोये गेला ते बरोबर केलं का, तेवढं वाचून कळव. मला वाटतं केलं.

तुझी धाकटी