कागदाचं तेवढं कर

चि. दादू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धंच राहिलं होतं. ते इथे पुरं करत नाही, तुला ते पाठ आहे. तुझ्या सुहासची सहावी केमो संपली आणि त्याच दिवशी आईने पुन्हा वकिलाकडून कागद करून घ्यायचं काढलं, म्हणून तू चिडलास. चीड बापडा. पण माझं विचारणं चुकीचं नव्हतं, हेही सांगून ठेवते.

आधी सुहासचं. बोटांना मुंग्या अजून आहेत म्हणालास. शर्टाची बटणं तू लावून देतोस, की तो लावू देत नाही? त्या औषधाने नसा दुखावतात आणि सावरायला महिने लागतात. तोवर कढत पाण्यापाशी त्याला एकटं सोडू नकोस, चटका बसलेला कळत नाही. थकव्याचंही तसंच. केमो संपली म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागत नाही, आणि हा थकवा नुसत्या झोपेने जाणाराही नाही. रोज थोडं चालवत जा. बोलताना त्याला शब्द सापडत नाहीत, वाचलेलं डोक्यात राहत नाही, तर घाईने वाक्य पुरं करून देऊ नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

लहानपणी कुणाला इंजेक्शन देताना दिसलं की तू डोळे गच्च मिटून भिंतीला चिकटायचास. माईंच्या पायाची पट्टी बदलायची वेळ झाली की तू घरातून गायब! अक्का म्हणायची, हा म्हातारपणी तुझं काय करणार? तोच तू आता हातमोजे घालून उलटीचं भांडं धुतोस. केमोनंतर दोन दिवस औषध अंगाबाहेर पडत असतं म्हणून संडासचं झाकण लावून दोनदा पाणी सोडतोस. स्टिरॉइडच्या त्या पाच दिवसांत तो रात्र रात्र जागतो, तुझ्यावर खेकसतो, आणि ‘आई, ती गोळी बोलतेय’ म्हणून तू सोडून देतोस. पहिल्या वेळी लघवी लाल झाली तेव्हा रक्त समजून तू मला अपरात्री उठवलं होतंस, आठवतं? ते लाल औषधच उतरत होतं. पुढच्या खेपेला तूच शेजारच्या खाटेवरच्या बाईंना धीर देत होतास. अक्काला हे सगळं मी सांगितलं. ती गप्प बसली. अक्का गप्प बसते म्हणजे काय, तुला ठाऊक आहे.

पण त्या तापाच्या रात्रीचं डोक्यातून जात नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काऊंट खाली गेलेले असताना ताप 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला, की गोळी देऊन घरी वाट बघायची नाही, हे तूच मला शिकवलंस. तू त्याला तडक घेऊन गेलास, वेळेत अँटिबायोटिक सुरू झालं. आणि फॉर्मवर ‘नातं’ म्हणून जी जागा असते, तिथे तू ‘मित्र’ लिहिलंस. तो शुद्धीवर होता, सही त्यानेच केली, म्हणून निभावलं. तरी रक्ताचे आकडे सांगितले गेले ते फोनवरून त्याच्या भावाला. सहाही केमोत एकदाही न आलेल्या भावाला! तू बाहेर बाकावर.

बाबांच्या वेळी मी आयसीयूच्या दाराशी जाऊन ‘मी त्यांची बायको’ एवढंच म्हटलं होतं. दार उघडलं. दाखला कुणी मागितला नाही. मला त्यांच्या औषधांची नावंसुद्धा धड सांगता येत नव्हती. आणि तुला कितव्या दिवशी काय होतं ते सगळं तोंडपाठ, पण दाराशी सांगायला तुझ्याकडे शब्द नाही. मग कागद तरी हवा की नको?

तो धडधाकट बोलतोय तोवरच हे करायचं असतं. त्याला बोलता आलं नाही तर निर्णय कोण घेणार, तपासण्यांचे निकाल कुणाला सांगायचे, जवळ कोण थांबणार, हे त्याने स्वतः लिहून द्यायला हवं. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून वकील म्हणते. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक तुझ्या पिशवीत. आणि भावालाही दाखवून ठेव, नाहीतर नेमका वेळेवर येऊन तो वाद घालेल.

बघ, लिहायचं नाही म्हणता म्हणता भाषण झालंच. रागावू नकोस.

तू बारीक झाला आहेस. फोटोत कॉलर सैल दिसते. ऑफिसात काय सांगितलं आहेस, ‘घरात आजारपण’ एवढंच? बायको आजारी असती तर चार जणांनी विचारपूस केली असती, दोघांनी तुझं काम उचललं असतं. सगळ्यांना सांग असं मी म्हणत नाही, ते तू ठरव. पण एका तरी माणसाला सगळं माहीत असू दे. आठवड्यातली एक दुपार त्याला सुहासपाशी बसव आणि तू झोप. निदान झोप तरी.

स्कॅन सहा ते आठ आठवड्यांनी आहे, लगेच नाही, म्हणून तुझा जीव वर-खाली होतोय. फार लवकर केला तर औषधांनी आलेली सूजही गाठीसारखी चमकते, हे तूच मला समजावलं होतंस. आता स्वतःलाही समजाव. पुढची दोन वर्षं प्रत्येक तपासणीआधी असंच होणार आहे, मलाही.

आणि वकिलाकडे जाशील तेव्हा तुझाही कागद कर. त्यावर माझं नाव घालू नकोस. तुला काही झालं तर पहिला फोन मला येईल, पण निर्णय त्याने घ्यायचा. मी लांब आहे, आणि तुला काय हवं-नको ते आता त्याला जास्त कळतं. हे लिहायला मला सोपं गेलं असं समजू नकोस.

एक सांगू नका म्हटलेलं सांगते. परवा तू फोन आपटल्यावर थोड्या वेळाने सुहासचा मेसेज आला, ‘काकू, कोणकोणते कागद लागतात?’ मी यादी पाठवली आहे. तुम्ही दोघं आता बसून बोला.

तुझी,
आई