मापात बसला म्हणजे टिकला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेलिकॉप्टरचे इंजिन ‘इतके तास चालले’ असे बातम्यांत छापून येते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढलेल्या मला ते अर्धवट वाटते. इंजिनातल्या तापल्या वायूने फिरणाऱ्या टर्बाइनच्या चकतीला नुसत्या तासांपेक्षा चालू-बंद जास्त भोवते. थंड इंजिन सुरू होते, तापते, पूर्ण वेग घेते, पुन्हा निवते. हा ताणाचा एक फेरा. म्हणून चकतीचे आयुष्य फेऱ्यांत मोजतात.

त्या चकतीवरचे पाते जेमतेम अंगठ्याएवढे. ते 20 ग्रॅमचे धरा, अक्षापासून 10 सेंटिमीटरवर, मिनिटाला 33 हजार गिरक्या. मुळाशी ओढ येते जवळजवळ अडीच टनांची! (हिशेब माझा, नातवाने कॅल्क्युलेटरवर पडताळला.) आणि हे सगळे धगधगत्या वायूत. तापल्या धातूवर अशी ओढ राहिली की पाते हळूहळू लांबते, बाहेरच्या आवरणाला घासू लागते. युरोप-अमेरिकेत प्रमाणपत्राआधी इंजिन ठरल्या क्रमाने 150 तास पळवून मग पूर्ण खोलतात. चकत्या निर्वात खड्ड्यात वेगळ्या फिरवून पाहतात.

आमची छोटी मशीन-शॉप त्या पात्यांपर्यंत पोहोचलेली नाहीत. पण पुन्हापुन्हा ताण पडून धातू थकतो तो सगळीकडे सारखाच. आमच्याकडून गेलेला एक शाफ्ट मापाला चोख होता, मायक्रोमीटर लावून मीच पास केला होता. चाचणीत उलटसुलट ताण देताना तुटला. परत आलेला तुकडा पाहिला तर खांद्याच्या रेडियसवर (जाड भाग बारीक होतो तिथल्या गोलाईवर) टूलचा ओरखडा, नखाला जाणवेल एवढाच. तिथूनच शिंपल्याच्या पाठीसारख्या रेघा आत सरकत गेलेल्या. ड्रॉइंगमध्ये रेडियसची फिनिश, म्हणजे किती गुळगुळीत हवा ते, लिहिलेली होती. मी फक्त व्यास पाहिला. चूक माझी.

हिवाळी अधिवेशनाला कर्नाटकचे अख्खे सरकार इथल्या सुवर्णसौधमध्ये येऊन बसते. सीमाप्रश्नाचे व्हायचे ते होईल, पण एवढे एक मागणे आमदारांनी तिथे मांडावे: छोट्या शॉपना भाड्याने वापरता येईल असे फटीग टेस्टिंगचे (धातूचा थकवा तपासायचे) यंत्र उद्यमबागेत किंवा मच्छेला बसवा. आयटीआयच्या पोरांनाही तुटलेला भाग हातात घेऊन बघू दे. मराठी मालकाचा असो की कन्नड, यंत्राला काय त्याचे! आमचा तुकडा बेंगळुरूला पाठवून रिपोर्ट यायला महिना जायचा, तोवर पुढची बॅच मशीनवरून उतरलेली असायची.

आपला,
एक निवृत्त इन्स्पेक्टर,
अनगोळ, बेळगाव