बाय, कॅसेटी होत आल्या

बाय,

परवा "बाबा, मी तेहतीस वर्षांची आहे" म्हणून फोन ठेवलास. व्हॉट्सॅपवर दोन ओळी टाकायला बसलो तर वाढत गेलं, म्हणून हा मेल. तुझ्या दम्याच्या पंपाचं काही विचारणार नाही. आपल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी लॅपटॉपवर उतरवतोय, त्यांचं कळवायला लिहितोय.

अकरातल्या आठ झाल्या. दोघींना बुरशी धरलीय, कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी भुकटी, डिचोलीचा पाऊस आणि आपलं ते माळ्यावरचं कपाट, दुसरं काय होणार. त्या मशीनमध्ये घातल्याच नाहीत, बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या चांगल्या कॅसेटीही जातात. पणजीत एकाला दाखवल्या, त्याने हातात न घेताच "फेकून द्या" सांगितलं. एक पेडण्याच्या आत्याच्या लग्नाची आहे, आई फेकू देईल का? अकरावी भाऊकाकाकडे आहे, ती मागायला मी जाणार नाही, तू जा.

व्हीसीआर बाबूच्या मित्राने दिला. जपला पाहिजे, जपानच्या फुनाईने 2016 च्या जुलैत बनवायचं बंद केलं, ती शेवटची कंपनी. आयसोप्रोपिल लावून हेड पुसलं तर कापड काळंकुट्ट. मग पिवळी-पांढरी वायर यूएसबीच्या डबीत, डबी लॅपटॉपला, आणि तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास बसायचं, पुढे ढकलता येत नाही. पहिल्या दिवशी कुणी हललं की अंगावर कंगव्यासारख्या रेघा यायच्या, मला वाटलं टेप गेली. बाबू म्हणाला, आपल्या पॅल पद्धतीत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, कॉम्प्युटर दोन-दोन चिकटवतो म्हणून रेघा, डीइंटरलेस कर. केलं, पन्नास फ्रेमवर ठेवलं, आता तू पळतेस ती एकदम सुळसुळीत. रस्ता फार लाल दिसतो म्हणून अर्धा तास कलर करेक्शन करत बसलो, आई मागून म्हणते, अहो, रस्ता लालच होता.

तर 1999 ची चवथ. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधतायत, आजोबा स्टुलावर, तू खाली सुपारीचं शिपटं धरून, दात पडलेले, "आजो माका दी" चाललंय. मागे सगळा वेळ एक सूंसूं आवाज. असल्या व्हीएचएस कॅसेटींना हिस, म्हणजे टेपची सरसर, असतोच, म्हणून ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये नुसत्या आवाजाचा तुकडा सिलेक्ट करून नॉईज रिडक्शन मारलं. बोलणं पाण्याखालून आल्यासारखं झालं, पण सूंसूं गेला. मग लक्षात आलं की तू दुसऱ्या खोलीत गेलीस तेव्हा तो मुळातही नव्हता. परत अनडू करून हेडफोन लावून ऐकलं. बाय, तो टेपचा आवाज नव्हे गो, तुझ्या छातीचा होता. भाऊकाकाने कॅमेरा तुझ्याजवळ धरलेला. आणि मी मागे उभा राहून समईची वात सारखी करतोय, ढिम्म.

त्यानंतर दोन दिवस मशीन लावलं नाही.

तेव्हा दारावरून खनिजाचे ट्रक जायचे, आई उन्हात वाळवण घालायची नाही धुळीने, आणि मी त्याच कंपनीत ट्रकांच्या चिठ्ठ्या फाडायचो. डॉक्टर म्हणाले घर बदला. पगार तिथला, घर आजोबांचं, कुठे बदलणार? 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा सगळे डोक्याला हात लावून बसले, मीही बसलो, पण रात्री तुझं खोकणं आठवलं आणि थोडं बरंच वाटलं, हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

आता त्या दिल्लीत तू. पेपरात रोज प्रदूषणाचा आकडा येतो, पराळी जाळतात, थंडीत वारा पडतो आणि धूर खालीच बसतो. निळा पंप त्रास झाला की घ्यायचा, दुसरा रोजचा असतो, बरं वाटतंय म्हणून तो बंद करायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ... सॉरी. झालं परत सुरू. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिथल्या एवढ्या मोठ्या लॅबमध्ये तू हवेचंच मोजतेस, शेजारी मी सगळ्यांना छाती फुगवून सांगतो. पण मोजणाऱ्याला हवा लागत नाही असं थोडंच आहे?

दिवाळीच्या आदल्या, नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री पहाटेपर्यंत धूर होता. तू आली नाहीस ते एका अर्थी बरं झालं असं मी म्हणालो, आई चिडली. पाच तऱ्हेचे पोहे, आपले फोव, केले होते, तुझ्या वाटचे गुळाचे बाबूने खाल्ले.

चवथीच्या दोन फाइली केल्यात. एक साफ केलेली, सगळ्यांना पाठवायला. एक तशीच, ती फक्त हार्डडिस्कवर, आणि तुझ्या पेनड्राइव्हवर. ऐकायची नसेल तर नको ऐकू.

बाबूचा मित्र शुक्रवारी दिल्लीला येतोय, त्याच्याकडे पिशवी देतोय. पेनड्राइव्ह फोवांच्या डब्याखाली आहे. बाजूला एक छोटं खोकं आहे, निळं, चिडू नकोस, एक्स्पायरी 2027 ची बघून घेतलंय.

बाबा