मोठ्यांच्या मोज्यात काय भरावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की केकच्या कृती छापून येतात, मुलांच्या खेळण्यांच्या याद्या येतात. नाताळच्या आदल्या रात्री आत्या, मामा, वहिनी, आजोबा यांच्या नावाने भेटींसाठी टांगलेल्या मोज्यात काय घालायचे, याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. मग ऐन वेळी बाजारात जाऊन किल्ल्यांची साखळी, सांताक्लॉजचे तोंड असलेला मग, प्लॅस्टिकची घंटा असे काहीबाही उचलले जाते. पाहुणे हसून घेतात आणि संक्रांतीपर्यंत ते माळ्यावर जाते. माणशी तीनशे रुपये गेलेले असतात ते वेगळेच.

मोज्याची रीत परदेशातून आली. चौथ्या शतकात मायरा (आजच्या तुर्कस्तानात) इथे निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोने टाकले आणि ते चुलीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात पडले, अशी आख्यायिका आहे. त्या सोन्याची आठवण म्हणून मोज्याच्या टोकात संत्रे घालतात. आपल्याला हे सोयीचेच, कारण डिसेंबरात अंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी पिकणारी, संत्री हातगाडीवर असतात.

माणशी अडीचशे रुपये धरू. सहा मोठी माणसे म्हणजे दीड हजार. त्यात चाळीसेक रुपये कापडाचे, सव्वाशेच्या आसपास खाण्याचे, उरलेले वापरायच्या वस्तूंचे. भाव दुकानागणिक थोडे मागेपुढे होतील. पण खरेदी एकेका माणसासाठी करायची नाही. सांगलीच्या गणपती पेठेत किंवा मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात जाऊन बेदाणा, हळद, रुमाल सहा जणांचे एकत्र घ्यावेत आणि घरी वाटे करावेत. शंभर ग्रॅमच्या सहा सजवलेल्या पुड्या आणि सहाशे ग्रॅमची एक सुटी पुडी यांच्या किमतीत जो फरक पडतो, त्यात प्रत्येकाचा एक रुमाल निघतो.

तयार मिळणारे लाल-पांढरे मोजे घेऊ नयेत. ते फेल्टचे असतात, कडा नुसत्या चिकटवलेल्या असतात आणि अर्धा किलो वजनाला उसवतात. शिवणे अवघड नाही. मांजरपाट, पॉपलिन किंवा चोपड्यांना लावतात तो लाल खारवा, कुठलेही जाड सुती कापड चालते. आधी भिजवून वाळवावे, कारण मांजरपाट आटतो आणि लाल कापडाचा रंग जातो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले नाही, तर आतला पांढरा रुमाल गुलाबी होऊन निघतो.

आकार आधी कागदावर काढावा. उंची 17 इंच, नळी (पोटरीकडचा भाग) 7 इंच रुंद, टाचेपासून चवड्याच्या टोकापर्यंत 10 इंच, चवडा 6 इंच रुंद. शिलाईचा अर्धा इंच यातच आला. 36 इंच पन्ह्याचे अर्धा मीटर कापड सुलट बाजू आत ठेवून दुमडले की 18 इंच रुंद दुहेरी होते. त्यावर एक आकृती सरळ आणि शेजारची उलटी, म्हणजे चवडा वर करून ठेवली, तर दोन्ही मिळून 17 इंचांत बसतात आणि अर्ध्या मीटरमध्ये दोन मोजे निघतात. दोन्ही एकाच दिशेने ठेवल्या तर 20 इंच लागतात, म्हणजे एकच मोजा निघतो आणि बाकीचे कापड चिंध्यांत जाते. यासाठीच झाडे किंवा घंटा छापलेले कापड नको. निम्म्या मोज्यांवर त्या डोक्यावर उभ्या राहतात. बारीक ठिपके किंवा साधा एकरंगी बरा.

तोंड सोडून बाकी सगळीकडे टीप मारावी. नळी चवड्याला मिळते त्या आतल्या वळणावर शिलाईच्या अलीकडे दोन मिलिमीटरपर्यंत तीन-चार काप द्यावेत. ते न दिल्यास उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात आणि संत्रे वळणातच अडकते. तोंडाची एक इंच पट्टी आत दुमडून शिवावी. सहा इंच नाडीचा फास टाचेकडच्या शिलाईत घालून त्यावरून तीन-चार वेळा मागेपुढे मशीन चालवावी. सगळा भार त्या एका टाक्यावर असतो. हे मोजे दरवर्षी वापरता येतात, त्यामुळे पुढच्या नाताळात ते चाळीस रुपये शिल्लक राहतात.

शिवणे नकोच असेल तर सोपी युक्ती आहे. पुरुषांचे लांब नवे मोजे घ्यावेत, एकाची पिशवी करावी आणि दुसरा गुंडाळून त्याच्याच टोकात घालावा. पिशवीचा खर्च नाही, भेट तीच. मात्र विणलेला मोजा ताणतो. चारशे ग्रॅमच्या वर भरले तर लांबून दुधी भोपळ्यासारखा दिसतो आणि नंतर पायात घालण्याजोगा राहत नाही.

आता खाण्याचे. आपल्या सांगली जिल्ह्याच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला शंभर ग्रॅम घरची हळद जेवढी आवडते तेवढे चॉकलेट आवडत नाही. बेदाणा घेताना एक पाहावे. नवा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो, म्हणजे डिसेंबरात मिळतो तो शीतगृहातून काढलेला. गार माल लगेच पिशवीत बंद केला तर त्यावर दव धरते आणि बेदाणे चिकटून गोळा होतो. ताटात कापडावर दोन-तीन तास पसरून मगच भरावा. पांढरे कण दिसले तर ती साखर सुटलेली असते. खायला चालते, पण भेट म्हणून बरे दिसत नाही.

हळदीची पुडी दुहेरी हवी, आत जाड पिशवी आणि बाहेर कागदी पाकीट. शंभर ग्रॅम भडंग घालायचे असेल तर पिशवी हवाबंदच पाहिजे, कारण संत्र्याशेजारी एका रात्रीत ते सादळते. घरी बंद करायला हॅकसॉचे पाते आणि मेणबत्ती पुरते. पिशवीची कड पात्यावर दुमडून दोन मिलिमीटर बाहेर ठेवावी आणि ज्योतीजवळून झरकन सरकवावी. हात रेंगाळला की भोक पडते. साताऱ्याचे कंदी पेढे घालणार असाल तर बटर पेपरमध्ये, दोनच, आणि तेही 24 तारखेच्या रात्री. आधीपासून ठेवले तर तूप सुटून कापडावर डाग पडतो. महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी मोज्यात घालण्याचा मोह आवरावा. सकाळी तिचा जॅम झालेला असतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीत पथ्य पाहणे आलेच. मधुमेह असलेल्या आजोबांना बेदाणा आणि पेढे नकोत, रक्तदाब असलेल्या मामांना खारे भडंग नको, कवळी असलेल्या आजींना चिक्की तर अजिबात नको. अशा वेळी पदार्थ वगळून मोजा हलका ठेवू नये, त्याच पैशात दुसरी वस्तू घालावी.

वस्तूंत हिवाळ्याला धरून घेतलेले सर्वांत चांगले. भेगाळलेल्या टाचांसाठी कोकमाचे मुठेल (कोकमाच्या बियांचे घट्ट तेल) स्वस्त असते आणि डिसेंबरच्या थंडीत घट्टच राहते. ज्यांच्या दारी चार वाफे आहेत त्यांना मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या बियांची पाकिटे. धणे पेरण्याआधी चपलेने रगडून दोन फाकी करायच्या असतात, हे पाकिटावर लिहून द्यावे, नाहीतर उगवण विरळ होते. शिवणाऱ्या काकूंना सुयांचे पाकीट आणि सुईत दोरा ओवायचे यंत्र. ते दहा-पंधरा रुपयांत मिळते आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्याची किंमत कळते. रिमोटचे सेल द्यायचे तर आधी बारीक लागतात की जाड ते पाहून यावे. चार्जिंगच्या वायरीच्या फंदात पडू नये. प्रत्येकाच्या फोनची पिन वेगळी निघते आणि बदलून आणायला पुन्हा बाजार. साबण आणि चहापूड एका मोज्यात कधीच घालू नयेत. चहाला आठवडाभर साबणाचा वास येतो.

भरण्याचा क्रम असा: टोकात संत्रे, टाचेत बेदाणा आणि हळद, नळीत रुमाल व बियांची पाकिटे उभी, भडंग वर म्हणजे चुरणार नाही. सगळ्यात वर काहीतरी लांब डोकावले पाहिजे, जसे गॅसचा लायटर किंवा गुंडाळलेली चिठ्ठी. असा मोजा साधारण सहाशे-सातशे ग्रॅमचा होतो. आपल्या घरांत शेकोटीची चूल नसते, तेव्हा खिडकीचे गज उत्तम. चुन्याच्या भिंतीवर चिकटवायचे हूक पहाटेपर्यंत खाली येतात. मोजा भिंतीला टेकू नये, कारण मुंग्या भिंतीवरूनच येतात. एवढे करूनही मुंग्यांची भीती असेल तर गोड पदार्थ सकाळी उपासनेला निघण्यापूर्वी घालावेत.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. मोजा म्हणजे आहेर नव्हे. जावयाचा मोजा फुगीर आणि धाकट्या दिराचा चपटा असे झाले की सणाच्या दिवशी मानपान सुरू होतो. सगळ्यांच्या वस्तू मोजून सारख्या, सहा तर सहाच ठेवाव्यात. उलट भेटीची अपेक्षाही ठेवू नये.

शेवटी, हळद सांडलीच तर डाग साबणाने चोळू नका. साबणातल्या क्षारामुळे तो लाल होतो आणि घरातले घाबरतात. कोरडी हळद आधी झटकावी, साध्या पाण्यात खळबळून कापड कडक उन्हात टाकावे. दोन-तीन दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो.

आपला,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)